मोजणाऱ्याची प्रार्थना

साधकहो, यशवंतपूर स्थानकातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर लागतो. या भागातल्या आपल्या ज्या मराठी साधकांचा दिवस प्रयोगशाळेत किंवा संगणकापुढे जातो, त्यांना पडणारा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे. दिवसभर पुरावा मागणारी बुद्धी संध्याकाळी जपाला बसताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची का?

उमर खय्यामकडे पाहा. माधव जूलियनांनी १९२९ मध्ये थेट फारसीवरून त्याच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हापासून आपल्या डोळ्यांपुढे सुरई आणि प्यालाच येतो. ती मदिरा खरी की ईश्वरप्रेमाची, हा वाद जुना आहे. (प्रत्येक प्याल्यात ब्रह्म शोधण्याची घाई मला पटत नाही, त्याच्या नावावर खपलेल्या रुबायाही पुष्कळ आहेत.)

पण निशापूरचा हा माणूस मोठा गणिती होता. मलिकशाहाच्या आज्ञेवरून १०७९ मध्ये सुरू झालेले जलाली पंचांग तयार करणाऱ्यांत तो होता. त्रिघाती समीकरणे त्याने भूमितीने सोडवली. अंकगणिती रीत मात्र सापडली नाही. ते त्याने ग्रंथात सरळ लिहून ठेवले, आणि पुढे येणाऱ्या कोणाला तरी ती कदाचित सापडेल, असेही नोंदवले. ती सापडली, चारशेहून अधिक वर्षांनी, इटलीत. ‘मला अजून अनुभव आलेला नाही’ एवढे सत्संगात म्हणायला आपण किती कचरतो, हे आठवून पाहा.

स्वामी गोविंदतीर्थ, पूर्वाश्रमीचे दातार, यांनी हीच वाट धरली. बैहकी या जुन्या चरित्रकाराने दिलेल्या जन्मकुंडलीवरून ग्रहगणित करून त्यांनी खय्यामचा जन्मदिवस काढला: १८ मे १०४८. १९४१ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात मात्र कृपेचे अमृत आहे. संन्याशाला कोष्टके मांडताना संकोच वाटला नाही.

खय्यामच्या शेवटच्या दिवसाची हकीकत त्याच्या जावयाकडून ऐकून बैहकीने लिहिली आहे. तो इब्न सीनाचा ग्रंथ वाचत होता. ‘एक आणि अनेक’ या प्रकरणापाशी आल्यावर हातातली सोन्याची दातकोरणी त्याने खूण म्हणून पानात ठेवली, आपल्या माणसांना बोलावून शेवटची इच्छा सांगितली आणि दिवसभर काही खाल्ले-प्याले नाही. रात्रीच्या नमाजात कपाळ जमिनीला टेकवून त्याने देवाला एवढेच सांगितले, की माझ्या कुवतीइतके मी तुला जाणले, मला क्षमा कर. तुझ्याकडे यायला माझ्यापाशी तेवढे ज्ञानच आहे.