माझ्या संमतीची किंमत

एल साल्वाडोरमधला खुनांचा दर मी बरीच वर्षे पाहत आले आहे. २०१५ मध्ये तिथे लाखामागे शंभराहून अधिक खून होत होते. २०२४ साली तो दर दोनच्याही खाली आल्याचे सरकारने जाहीर केले. पोलिसांच्या गोळीने मेलेले टोळीवाले या हिशेबात धरत नाहीत, तरी घट खरी आहे. मला तिचा आनंद होतो, आणि आज तपासायचा आहे तो हाच आनंद.

एमएस-१३ आणि बॅरिओ १८ या टोळ्यांनी तिथल्या गरिबांचे जगणे नासवले होते. टपरीवालीपासून बसचालकापर्यंत सगळ्यांनी हप्ता द्यायचा, नाहीतर मरायचे. एका टोळीच्या वस्तीतल्या मुलाने दुसरीच्या वस्तीत पाऊल टाकणे जिवावर बेतायचे. या टोळ्या वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये. एल साल्वाडोरमधल्या यादवी युद्धातून पळालेल्या कुटुंबांची मुले तिथे त्यांत शिरली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्यांना मायदेशी पाठवून दिले. तिथल्या सरकारने २००३ पासून कठोर हात उगारला, तर तुरुंगच टोळ्यांची मुख्यालये झाली. २०१२ मध्ये समझोता करून पाहिला, तोही फसला.

मार्च २०२२ मधल्या एका शनिवारी ६२ माणसे मारली गेली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांच्या सरकारने आणीबाणी आणली. वकील मिळण्याचा हक्क स्थगित झाला, न्यायाधीशासमोर न नेता कोठडीत ठेवण्याची मुदत ७२ तासांवरून १५ दिवसांवर गेली. आपली आणीबाणी २१ महिन्यांत संपली. तिथे संसद दर महिन्याला मुदतवाढ देत राहिली. साठ-पासष्ट लाखांच्या देशात ऐंशी हजारांहून अधिक लोक पकडले गेले. त्यांतल्या हजारोंना सरकारनेच नंतर सोडून दिले. कोठडीत तीनशेहून अधिक मेल्याचे मानवाधिकार संघटना सांगतात. तुरुंगांबाहेर आया हातात कपडे-साबणाचे पुडके घेऊन उभ्या राहिल्या; आत मुलगा जिवंत आहे की नाही, हेही अनेकींना कळत नव्हते.

सरकारने लोकांना एक फोन नंबरही दिला होता. संशयिताची खबर द्या, नाव गुप्त राहील. मी त्या नंबरापाशी अडते. माझ्या जिन्यात रोज हप्ता मागणारा पोरगा उभा असता, तर मी फोन केला असता. अगदी नक्की. आणि त्याच्याशेजारी नुसता उभा असलेला, हातावर गोंदलेला, माझ्या नजरेला खुपणारा दुसरा पोरगा? त्याचेही नाव सांगून टाकण्याचा मोह मला झाला असता, हे मी नाकारू शकत नाही. भीती बारकाईने निवड करत नाही. ते काम न्यायालयाचे, आणि तिथे न्यायालयापुढे शेकडो जण एकदम उभे करण्याचा कायदा झाला.

अशा कारवाईला मनातून दिलेली ही संमती मला परकी नाही. मुंबईत खंडणीचे फोन दुबई-कराचीतून यायचे तेव्हा चकमकीची बातमी वाचून कितीतरी सज्जन घरांत सुटकेचा श्वास टाकला जायचा. नोव्हेंबर २००६ मधली अशी एक चकमक बनावट होती, हे उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले आणि पोलिसांची जन्मठेप कायम ठेवली. मेलेल्या माणसावर गुन्हे होते की नाही, याने त्या निकालात फरक पडला नाही. माझ्या मनात मात्र पडतो. बातमी वाचताना मी आधी त्याच्यावरचे गुन्हे शोधते, म्हणजे मग मला निर्धास्त होता येते.

तेव्हा माझी संमती मी अटीवर ठेवते. टोळीवाल्यांना पकडा, शिक्षा करा; पण प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याच्या कृत्यासाठी, वकील देऊन न्यायाधीशापुढे उभे करा. ही अट फुकट नाही, हेही मला मान्य करायला हवे. अशा रीतीने काम केले असते तर तिथला खुनांचा दर इतक्या झटपट उतरला नसता. त्या उशिरात एखादा बसचालक हप्त्यापायी मारला गेला असता, तर त्याच्या बायकोला मी काय सांगणार होते? मला उत्तर सापडलेले नाही. तरी अट मागे घ्यावीशी वाटत नाही.