हात धुतले म्हणजे सुटलो का?



ज्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, त्या वर्षी मी एका ठिकाणी हमखास अडखळतो. पिलात पाणी मागवतो आणि सगळ्या लोकांसमोर हात धुतो. या माणसाच्या रक्ताशी आपला संबंध नाही, असे तो जाहीर करतो. त्याचे हात खरोखरच स्वच्छ झाले असतील. पण त्यानंतर काय झाले ते आपण जाणतो. प्रभूला क्रुसावर नेण्यात आले. पिलाताच्या हात धुण्याने त्यात तसूभरही फरक पडला नाही.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न. तो तिरोड्याच्या वीज प्रकल्पात एका ठेकेदाराकडे कामाला आहे. मिस्सा संपल्यावर त्याने मला बाजूला घेतले आणि म्हणाला, "सर, नॉर्वेच्या पेन्शन फंडाने म्यानमारमुळे अदानी पोर्ट्सचे शेअर विकले, असं वाचलं. आमचा प्रकल्प त्याच समूहातला. माझा पीएफ कापला जातो, तो कुठे जातो मला माहीत नाही. त्यांनी आपलं मन साफ केलं. मग आपलं काय? आपला पैसा पापात आहे का?"

त्याच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. आज तिला महिन्याला हजार रुपये पेन्शन मिळते आणि त्यातून तिचे औषध येते. पेन्शन म्हणजे काय हे त्या घराला शिकवण्याची गरज नाही. म्हणून त्याच्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. गेले काही आठवडे विचार केला. तो विचार तुमच्यासमोर मांडतो.

आधी घडलेले नीट पाहू. अदानी पोर्ट्स या कंपनीने 2019 मध्ये म्यानमारमधील यांगून येथे बंदर उभारण्याचा करार केला. जमीन म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशनकडून भाड्याने घेतलेली होती आणि ही संस्था त्या देशाच्या लष्कराची आहे. 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने सत्ता बळकावली. रस्त्यावर गोळ्या चालू लागल्या. मिचिना शहरात सिस्टर ॲन रोझ नू तॉन्ग पोलिसांसमोर गुडघे टेकून बसल्या, ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेतील नगरपालिका व आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांच्या केएलपी या पेन्शन फंडाने अदानी पोर्ट्समधील आपली गुंतवणूक काढून घेतली. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीने म्यानमारमधून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि मे 2023 मध्ये ते बंदर 3 कोटी डॉलरला विकले. मे 2024 मध्ये नॉर्वेच्या मोठ्या सरकारी पेन्शन फंडानेही या कंपनीला आपल्या यादीतून वगळले.

यातला शेवटचा भाग लक्ष देण्यासारखा आहे. बंदर विकून झाल्यानंतर एका वर्षाने वगळले, ते का? तर खरेदीदाराविषयीची माहिती गोपनीय ठेवली गेली होती. त्यामुळे कंपनीचा त्या व्यवसायाशी संबंध खरेच तुटला की नाही, हे फंडाला पडताळता येईना. म्हणजे बाहेर पडण्याची मागणी झाली, कंपनी बाहेर पडली आणि त्यानंतर बंदर कोणाच्या हाती गेले याबद्दल बाहेरच्या जगाला पूर्वीपेक्षा कमी कळू लागले. यांगूनच्या हमालाचे, तिथल्या धर्मग्रामातील लोकांचे यात काय भले झाले, हे मला तरी दिसत नाही.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. सुदानमध्ये 1983 ते 2005 असे यादवी युद्ध चालले. तेलाच्या पट्ट्यातील गावे जाळली गेली, माणसे हुसकून लावली गेली. तेथील तेल प्रकल्पात कॅनडाच्या टॅलिस्मन एनर्जी या कंपनीचा 25 टक्के हिस्सा होता. कॅनडा व अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांनी मोठी मोहीम चालवली, काही पेन्शन फंडांनी शेअर विकले आणि अखेर 2003 मध्ये टॅलिस्मन बाहेर पडली. तिचा हिस्सा कोणी घेतला? आपल्या ओएनजीसीच्या ओएनजीसी विदेश या कंपनीने. भागीदार म्हणून चीनची आणि मलेशियाची सरकारी कंपनी आधीपासून होतीच. तेल वाहतच राहिले. फरक एवढाच पडला की, पूर्वी कॅलगरीच्या वार्षिक सभेत कोणी धर्मभगिनी किंवा निवृत्त शिक्षक उभा राहून कंपनीला जाब विचारू शकत होता. टॅलिस्मनला त्या दडपणाखाली आपल्या कामाचा अहवालही प्रसिद्ध करावा लागत होता. नव्या मालकांना असे विचारणारे फारसे कोणी नव्हते.

आणि बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे वळू. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी ऑगस्ट 2015 पासून आपल्या रकमेचा काही भाग शेअर बाजारात, निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांतून गुंतवतो. निफ्टीच्या 50 कंपन्यांमध्ये ओएनजीसी आहे आणि अदानी पोर्ट्सही आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांपैकी जे राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत, त्यांच्याही पैशाचा काही भाग बाजारातच जातो. एलआयसीकडेही ओएनजीसीचे शेअर आहेत. म्हणजे कॅनडातल्या लोकांनी जे झटकून टाकले, ते फिरून आपल्याच पदरात पडले. त्या तरुणाचा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

मग उत्तर काय? आपल्या सरकारनेही पेन्शनचा पैसा अशा संघर्षग्रस्त देशांतून सरसकट काढून घ्यावा का? माझे मत नाही असे आहे. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण म्हणजे पाप कशाला म्हणायचे याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण. संत अल्फोन्स लिगोरी यांनी दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचा बारकाईने विचार केला. मनाने सामील होणे वेगळे आणि केवळ व्यवहाराने हात लागणे वेगळे. जवळचा सहभाग वेगळा, लांबचा वेगळा. गोंदियाच्या राईस मिलमधला हमाल पोती ट्रकमध्ये चढवतो. तो तांदूळ पुढे कोणाच्या ताटात जाईल हे त्याला ठाऊक नसते. पण हाच तांदूळ चोरीचा आहे हे माहीत असून जो पावती फाडतो, त्याची गोष्ट निराळी. दर महिन्याला पीएफ कापला जाणारा आपला तरुण पहिल्या प्रकारात मोडतो. त्याने रात्रीची झोप घालवू नये.

दुसरे कारण, तो पैसा कोणाचा हा प्रश्न. माझ्या खिशातले शंभर रुपये मी माझ्या सद्सद्विवेकाप्रमाणे खर्च करू शकतो. पण पेन्शन फंडाचे विश्वस्त दुसऱ्यांच्या म्हातारपणाची पुंजी सांभाळत असतात. जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर कर्मचारी संपावर गेले, ते याच काळजीपोटी. ज्याला त्या पुंजीची किंमत मोजावी लागणार, त्याला न विचारता कोणी तरी वर बसून आपले मन शांत करून घ्यावे, यात मला न्याय दिसत नाही.

तिसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. देश म्हणजे त्याचे सरकार किंवा लष्कर नव्हे. नोकरीत असताना मी काही वर्षे देवरी तालुक्यात होतो. त्या काळात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ही नावे घेतली की पुढे 'नक्षलग्रस्त' हा शब्द यायचा. बदली झाली की माणसे ती रद्द करण्याच्या खटपटीला लागत. कोणी जायला तयार व्हावे म्हणून सरकारला एकस्तर वेतनश्रेणी द्यावी लागली. जे गेले नाहीत त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण तिथल्या मुलांना अक्षर शिकवले ते गेलेल्यांनी आणि टिकलेल्यांनी. संघर्षाच्या जागेतून सगळेच भले लोक आणि सगळाच उजळ पैसा निघून गेला, तर मागे कोण उरते? बंदूकवाले उरतात आणि ज्यांना जायला दुसरी जागा नाही ते गरीब उरतात.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, "सर, शाळा चालवणे आणि लष्कराच्या कंपनीला जमिनीचे भाडे देणे सारखेच कसे?" सारखे नाहीच. सुदानमधील काही बिशपांनी स्वतःच तेलाचे काम थांबवण्याची मागणी केली होती, कारण तेलाच्या पैशातून त्यांच्याच लोकांवर बॉम्ब पडत होते. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तर आपल्या देशाने 1946 मध्येच, स्वातंत्र्याच्याही आधी, वर्णद्वेषाच्या निषेधार्थ तोडला. तेथील कॅथलिक बिशपांनीही 1986 मध्ये मोठ्या विचारांती आर्थिक दडपणाच्या बाजूने कौल दिला. गुंतवणूक कधीच काढू नये असे म्हणणाऱ्याला या साक्षी मोडून काढता येणार नाहीत. मलाही त्या मोडायच्या नाहीत.

पण याच दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात लिऑन सलिव्हन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन पाळक होते. ते जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होते. 1977 मध्ये त्यांनी तिथल्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियम घालून दिले. गोऱ्या-काळ्यांना एकाच ठिकाणी काम, समान कामाला समान वेतन, काळ्या कामगारांना बढती. अनेक कंपन्यांनी ते स्वीकारले. दहा वर्षे ते पाठपुरावा करत राहिले. वर्णद्वेषाची व्यवस्था मात्र हलली नाही, तेव्हा 1987 मध्ये त्यांनीच कंपन्यांना देश सोडण्याचे आवाहन केले. त्यांच्या त्या शब्दाला वजन होते, कारण त्याआधी दहा वर्षे त्यांनी आत राहून झगडून पाहिले होते. नॉर्वेच्या सरकारी फंडानेही अदानी पोर्ट्सला 2022 पासून निरीक्षणाखाली ठेवले होते, मग 2024 मध्ये वगळले. त्यांच्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत नसेन, पण घाईने हात झटकले असे त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. एखादी कंपनी अत्याचार करणाऱ्याच्या हातात थेट पैसा घालत असेल, तर त्या कंपनीला आधी जाब विचारावा. पुन्हा पुन्हा विचारावा. तिथले सोसणारे लोक काय मागत आहेत ते ऐकावे, कारण जखम त्यांची आहे. आपण निघालो तर आपल्या जागी कोण येणार, हे पाहावे. एवढे करूनही काही हलले नाही तर उघडपणे, कारण सांगून बाहेर पडावे. पण एका देशाचे नाव वर्तमानपत्रात आले म्हणून त्या देशातून सगळाच पैसा काढून घेणे हे पहिले पाऊल असू नये. नोव्हेंबर 2022 मध्ये व्हॅटिकनच्या समाजशास्त्रविषयक अकादमीने कॅथलिक गुंतवणूकदारांसाठी 'मेन्सुराम बोनाम' नावाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात काही व्यवसायांपासून दूर राहायला सांगितले आहे, तसेच मालक म्हणून कंपनीशी बोलत राहण्याचा मार्गही सांगितला आहे. आपण पहिले चटकन लक्षात ठेवतो, कारण ते सोपे आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, वाईटपणा घ्यावा लागतो आणि टाळ्याही मिळत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, गोंदियात बसून आपण कोणाला जाब विचारणार? भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचेही प्रतिनिधी असतात आणि ते कामगार संघटनांतून येतात. त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, "बाबा, तुझ्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हात वर कर. आपला पैसा ज्या कंपन्यांत आहे, त्या परदेशात काय करतात हे विश्वस्त विचारतात का, एवढं विचार. उत्तर नाही मिळालं तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचार." तो हसला. म्हणाला, "सर, शेअर विकणं सोपं होतं."

सोपे होतेच. पिलातालाही पाण्याचे भांडे मागवणे सोपे गेले. त्याच्या हातात अधिकार होता. तो वापरायचा की हात धुऊन मोकळे व्हायचे, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. आपल्या हातात अधिकार थोडा आहे, पण आहे. या आठवड्यात पीएफची पावती हाती आली तर ती घडी घालून ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. म्यानमार आणि सुदानमधील आपल्या भावाबहिणींसाठी प्रार्थना करा. आणि प्रार्थनेनंतर, ज्याला विचारायला हवे त्याला एक प्रश्न जरूर विचारा.