शंकेने खात्री मोडत नाही

मूल तापाने फणफणले की घरात पहिला प्रश्न येतो तो औषधाचा. तेच मूल विचित्र वागू लागले की पहिला प्रश्न येतो तो दोषाचा. लाड कोणी केले, नजर कोणाची लागली, आईचे लक्ष कुठे होते, बापाची कमाई कशी आहे, इथपर्यंत चौकशी जाते. शरीराच्या आजाराला आपण आजार म्हणतो. मनाच्या आजारात मात्र आधी आरोपी शोधतो. ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकते आहे, हेही आपल्या ध्यानात येत नाही.

या लेखात आम्हांला एका आजाराच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न मांडायचा आहे. आजाराचे कारण पक्के ठरलेले नाही, उपचाराचे अनेक रस्ते समोर आहेत, आणि ज्याच्यावर उपचार करायचे ते मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. अशा वेळी आईबापांचे कर्तव्य काय?

समजा, कोल्हापूरजवळच्या उचगावात एक घर आहे. एका बाजूला पुणे-बेंगळुरू महामार्ग, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची कापडपेठ. अब्बा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, अम्मी घरी शिवणकाम करते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, हसता-खेळता. त्याचा घसा धरतो, दोन दिवस ताप येतो, उतरतो. पंधरा दिवसांनी एके सकाळी घरच्यांना तो ओळखू येईनासा होतो. पाण्याच्या चावीखाली तासभर हात धुतो, कातडी सोलली तरी थांबत नाही. वुजू करून उठतो आणि पुन्हा बसतो, कारण कोपर कोरडे राहिले असे त्याला वाटते. ताटातले अन्न घाण झाले म्हणून जेवत नाही. अम्मी क्षणभर नजरेआड झाली तर किंचाळतो. वळणदार अक्षर बिघडते, रात्री अंथरूण ओले होते.

हे घर आम्ही कल्पिले आहे, पण लक्षणे कल्पिलेली नाहीत. ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात आणि आपल्या घरांत ज्याला वसवसा म्हणतात, तो बहुधा हळूहळू वाढतो. काही मुलांत मात्र तो एक-दोन दिवसांत झडप घातल्यासारखा येतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा ५० मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूची लागण झाली की काही मुलांत असा मंत्रचळ किंवा अंगाला झटके देण्याची सवय एकाएकी उफाळून येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी या प्रकाराला ‘पँडास’ असे नाव दिले. पुढे २०१२ मध्ये ‘पॅन्स’ ही अधिक व्यापक व्याख्या मांडली गेली. तिच्यात जंतूची अट ठेवलेली नाही.

यामागचा विचार समजायला अवघड नाही. शरीर जंतूशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. जंतूचा काही भाग आपल्याच पेशींसारखा दिसत असेल, तर ती प्रतिपिंडे घरच्याच माणसावर हात उगारतात. संधिवाती ताप आपल्या देशाला जुना परिचित आहे. त्यात याच जंतूनंतर सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात आणि पुढची लागण टाळण्यासाठी मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याच तापात काही मुलांचे हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलतात. इंग्लंडचे वैद्य थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. या मुलांतही मंत्रचळाची लक्षणे बरीच आढळतात. तेव्हा घशाचा जंतू आणि मेंदू यांचा संबंध ही भाकडकथा नाही.

पण पँडासबद्दल सगळे डॉक्टर एकमताचे नाहीत. शाळकरी मुलांचे घसे वारंवार धरतात. एएसओ नावाची रक्ततपासणी पूर्वी लागण होऊन गेली एवढेच सांगते, मंत्रचळ तिच्यामुळेच झाला हे सांगत नाही. ‘हाच तो आजार’ असे छातीठोक सांगणारी एकही तपासणी नाही. उपचारांचेही तसेच आहे. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे शिरेतून देण्याच्या उपचाराला आयव्हीआयजी म्हणतात. १९९९ मध्ये एका लहानशा अभ्यासात त्याचा चांगला गुण दिसला. २०१६ मध्ये ३५ मुलांवरच्या दुसऱ्या अभ्यासात खरे औषध आणि खोटे औषध यांत ठळक फरक निघाला नाही. या उपचाराचा खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो.

इथे आमच्या त्या उचगावच्या अब्बा-अम्मीची खरी परीक्षा सुरू होते. एक डॉक्टर म्हणतो, मानसोपचार घ्या. दुसरा म्हणतो, आधी रक्त तपासा. शेजारची खाला सांगते, मुलावर कसला तरी साया आहे, अमुक दर्ग्यावर चाळीस दिवस राहा. मामू मोबाइलवर परदेशातल्या उपचाराची माहिती दाखवतो. घरासमोरचा महामार्ग उत्तरेला पुण्याकडे जातो, दक्षिणेला बेंगळुरूकडे. कुठे जावे?

आपल्या फिक्‌हशास्त्रात एक प्रसिद्ध तत्त्व आहे. जे खात्रीने ठरलेले आहे, ते नुसत्या शंकेने रद्द होत नाही. नमाजीला वुजू तुटल्याची नुसती शंका आली तर त्याने नमाज सोडू नये, निश्चित खूण हवी, असे हदीसमध्ये मार्गदर्शन आहे. मंत्रचळाच्या रुग्णाला नेमके हेच जमत नाही. त्याची शंका दर वेळी त्याच्या खात्रीवर मात करते. आम्हांला वाटते, हे तत्त्व त्या मुलाइतकेच त्याच्या आईबापांनाही लागू आहे.

त्यांच्यापुढे शंका कोणती? आजार जंतूमुळे झाला की नाही ही. आणि खात्री कोणती? मूल यातनेत आहे ही एक खात्री. मंत्रचळावर उपचार आहेत, ही दुसरी. अमेरिकेत ११२ मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्तनोपचार आणि गोळी दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले बारा आठवड्यांत जवळजवळ लक्षणमुक्त झाली. नुसत्या वर्तनोपचाराने सुमारे ३९ टक्के, नुसत्या गोळीने सुमारे २१ टक्के आणि खोट्या गोळीने ४ टक्क्यांहूनही कमी. ही मुले पँडासची म्हणून निवडलेली नव्हती, हे खरे. पण २०१७ मध्ये पॅन्सच्या उपचारांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांतही मानसोपचाराला जंतूवरच्या आणि प्रतिकारशक्तीवरच्या उपचारांच्या बरोबरीचे स्थान आहे.

म्हणजे कारणाचा निकाल लागेपर्यंत मुलाला ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. घसा तपासून घ्यावा, लागण असेल तर प्रतिजैविकांचा पूर्ण डोस द्यावा. हे स्वस्त आहे आणि हृदयाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. पुढे गरज पडली तर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र विभाग आहे. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनीसेवा २०२२ पासून सुरू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. लाखांचा, जोखमीचा आणि ज्याच्या गुणाबद्दल तज्ज्ञांतच वाद आहे असा उपचार शेवटी यावा, आणि तोही मेंदूविकार व संधिवात जाणणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

यावर कोणी म्हणेल, ‘शंका बाजूला ठेवली आणि तीच खरी निघाली तर? मुलाचा मोलाचा काळ वाया जाईल.’ हा आक्षेप योग्य आहे. शंका झटकून टाका असे आम्ही म्हणत नाही. हातपाय आपोआप हलू लागले, आकडी आली, शुद्ध हरपू लागली किंवा बोलणे बंद झाले तर एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. मेंदूला सूज आणणारे काही आजार असेच सुरू होतात आणि त्यांत उशीर महाग पडतो. शंकेचा तपास जरूर करावा, मात्र त्यासाठी खात्रीचा उपचार थांबवू नये.

कारण शोधाशोधीलाही वसवशाचे रूप येऊ शकते. आणखी एक तपासणी, आणखी एक डॉक्टर, आणखी एक पीर. दर वेळी क्षणभर बरे वाटते आणि पुन्हा मनात येते, काही राहून तर गेले नाही? पुन्हापुन्हा हात धुणारा मुलगा आणि पुन्हापुन्हा रक्त तपासून घेणारा बाप यांच्यात मग फारसे अंतर उरत नाही. या धावपळीत घर विकले जाते, दुसऱ्या मुलांची शाळा सुटते आणि आजारी मुलाला वाटू लागते की घरावरचे संकट आपणच आहोत. मूल ही आईबापांकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत सांभाळायची म्हणजे सर्वस्व पणाला लावायचे असे नव्हे. विवेक शाबूत ठेवणे हेही तिच्यात येते.

आईबाप जंतूचा इतका पाठपुरावा का करतात, याचेही उत्तर आपल्याकडेच आहे. जंतू सापडला तर कोणी बोट दाखवत नाही. ‘रक्तात दोष निघाला’ असे सांगितले की मोहल्ला सहानुभूतीने ऐकतो, ‘मानसिक आहे’ म्हटले की आवाज खाली जातो. म्हणजे आईबाप अर्धा शोध औषधाचा करत असतात आणि अर्धा निर्दोषपणाच्या दाखल्याचा. हा दाखला मागायची वेळ आपण त्यांच्यावर आणली आहे. समजा, सगळ्या तपासण्या झाल्या आणि जंतू सापडलाच नाही. मग ते मूल दोषी ठरते काय? मंत्रचळ जंतूने आला असो वा इतर कशाने, त्या मुलाने तो मागितलेला नव्हता. मुलाचा निर्दोषपणा रक्ताच्या अहवालावर अवलंबून असता कामा नये. लहान मुलावर धर्माने शिक्षेचा भार टाकलेला नाही. मग आपण कोण टाकणारे?

आपल्या परंपरेला ही समज नवीन नाही. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाच्या आजारांत त्यांनी वसवशाचा स्वतंत्र विचार केला आणि शरीर व मन एकमेकांना बिघडवतात तसे सुधारवतातही, असे मानले. हजार वर्षांपूर्वी आपला एक विद्वान ज्याला आजार म्हणत होता, त्यासाठी आज आपल्या वस्तीत मुलांना मिरच्यांची धुरी दिली जावी, यात श्रद्धा किती आणि अज्ञान किती, याचा प्रत्येकाने विचार करावा.

दुआला आमचा विरोध नाही. आईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दम केला तर तिचेही मन शांत होते आणि मुलाचेही. पण दुआच्या नावाखाली दवा बंद होते, तेव्हा काय घडते हे आपण ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांना पळता आले नाही. याउलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. तिथले मुजावरच जायरिनांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. श्रद्धा तीच, दर्गाही तसाच, पण एका ठिकाणी रुग्ण बांधला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला डॉक्टरची वाट दाखवली गेली. मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, हेही फार थोड्या कुटुंबांना माहीत असते.

शेवटी सर्वांत कठीण गोष्ट. वर्तनोपचारात मुलाला भीतीसमोर थोडेथोडे उभे राहायला शिकवतात आणि हात न धुता थांबायला लावतात. मूल रडते. आईला वाटते, धुऊ दे एकदाचे. दर वेळी तिने पाणी ओतून दिले, ‘हो बाळ, वुजू झाला’ असे दहा वेळा सांगितले, तर आजार बळावतो. इथे माया आणि मदत यांची वाट वेगळी होते. मुलाला रडू देऊन त्याच्याजवळ बसून राहायला जी हिंमत लागते, ती कुठल्याही इंजेक्शनात मिळत नाही. ती आईबापांना घरातल्या माणसांनी, शेजाऱ्यांनी, शाळेतल्या गुरुजींनी आणि मशिदीतल्या इमामसाहेबांनी द्यायची असते. ‘एकदा वुजू केलास, तो झाला, आता शंकेकडे बघू नकोस,’ हे इमामसाहेबांनी त्या मुलाला प्रेमाने एकदाच सांगितले तर डॉक्टरांचे काम सोपे होईल.

आजार कशाने झाला, या प्रश्नाचे उत्तर विज्ञान आज ना उद्या देईल. त्या घराशी आपण कसे वागायचे, या प्रश्नाला विज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वेळी आपल्या वस्तीत अशी बातमी कानावर आली, तर ‘कोणाचे चुकले?’ हे विचारण्याआधी ‘दवाखान्यात सोबत कोण जाणार आहे?’ एवढे आपण विचारावे.