चुकीचा धनी

मोठा अपघात घडला, कीं समाजाचें मन प्रथम एकच प्रश्न विचारतें : दोष कोणाचा ? एखाद्या माणसाचें नांव हातीं आलें म्हणजे त्या मनास स्वस्थता वाटते. ही स्वस्थता न्यायाची आहे कीं आळसाची, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजीं तेव्हांच्या औरंगाबादेस, चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघालें. आंत ११८ माणसें होतीं. जमीन सोडतें न सोडतें तोंच तें धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गांठी वाहणाऱ्या मालमोटारीस धडकलें आणि पुढें विजेच्या तारांस लागून कोसळलें. ५५ जीव गेले. चौकशीनें दोन कारणें नोंदविलीं. वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरानें व चुकीच्या रीतीनें उचललें, हें एक. उड्डाणाच्या वेळीं त्या रस्त्यावरील रहदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानें नियंत्रित केली नाहीं, हें दुसरें.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें मोजिलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता हा पांचांतील केवळ एक. 'वैमानिकाची चूक' एवढें म्हणून आपण थांबतों, तेव्हां ज्या भूमीवर तें कर्म घडलें ती भूमी आणि तिच्या टोकाशीं असलेला तो रस्ता, हें अधिष्ठान आपण हिशेबांतून वगळतों.

यावर कोणी म्हणेल, कीं दोष असा सर्वांस वांटला तर दोषी कोणीच उरणार नाहीं. आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. शंभरांहून अधिक जीव ज्याच्या स्वाधीन, त्याची जबाबदारी परिस्थितीच्या नांवाखालीं पुसतां येत नाहीं. परंतु जबाबदारी ही भाकरी नव्हे, कीं दुसऱ्यास तुकडा दिला तर पहिल्याचा वांटा कमी व्हावा. दोघेही पुरतेपणीं बांधलेले असूं शकतात.

तारतम्य ठरवावयाचें तर तें आमच्या मतें अवकाशावरून ठरवावें. वैमानिकांस मिळाले ते कांहीं क्षण. रस्ता कसा आवरावा याचा विचार मात्र दिवसाढवळ्या, शांतपणें बसून करतां येण्यासारखा होता. घाईंतील चूक मानवी आहे. सवड असतां झालेली उपेक्षा नीतीच्या तराजूंत अधिक जड भरते.

आणखी एक उदाहरण पाहूं. २२ मे २०१० रोजीं मंगळूर येथें १५८ माणसें दगावलीं. मुख्य वैमानिक प्रवासांत बराच वेळ झोंपीं गेला होता. उतरतांना विमान अयोग्य उंचीवर असल्याचें ओळखून सहवैमानिकानें पुन्हा वर जाण्यास सुचविलें, तरीही मुख्य वैमानिकानें तें खालीं उतरविलें. झोंपेची गुंगी व मानेचा ताठा यांस यंत्र काय करणार ? आणि ज्या घरांत वडिलांस टोकणें हा उद्धटपणा ठरतो, त्या घरांतील मुलानें मोठेपणीं वरिष्ठाचा हात धरावा, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतों ?

म्हणून अपराधी सांपडल्यावर चौकशी संपली असें वाचकांनीं मानूं नये. पुढील माणूस त्याच जागीं, तितकाच थकलेला व तितकाच एकटा बसणार असेल, तर पहिल्यास शासन करूनही आपण कोणाचा जीव वांचविला, हा प्रश्न शिल्लकच राहतो.