वेळ होता, दिला नाही

आपल्या मंडळीतली ती आजी अख्खा पावसाळा अंथरुणावर पडून होती आणि तुम्हाला ते तिच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं. त्या दिवशी मात्र झाडून सगळे हजर! कब्रस्तानाबाहेर गाड्या लावायला जागा उरली नव्हती. कामाचा दिवस, भर दुपार, तरी अकोल्याची मंडळी रजा टाकून अमरावतीला आली. म्हणजे वेळ काढता येतो तुम्हाला. ती जिवंत असताना काढला नाहीत. जिने तुमच्याकडून 'उपासना संगीत'मधली गीतं पाठ करून घेतली, तिच्या उशाशी बसून त्यातलं एक गीत म्हणायला तुमच्यातला कोणी गेला नाही. आता "सर, वेळच मिळत नाही" हे मला पुन्हा ऐकवू नका.

तुम्ही कष्ट करता, हे मी जाणतो. बडनेरा-अकोला अप-डाऊन, ४५ अंशांच्या उन्हात फिरतीची नोकरी, घरी आईबापांचा दवाखाना, पोरांच्या शिकवण्या. जो रात्री घरी येतो आणि जेवता जेवता पेंगतो, त्याला मी बोलत नाही. मी बोलतोय ते ताटासमोर मोबाइल उभा करून जेवणाऱ्यांना. सकाळी फुलांच्या चित्रावरचं वचन मंडळीच्या ग्रुपवर ढकलता आणि मनन झालं म्हणता. ते वचन ज्या अध्यायातलं आहे, तो अध्याय उघडलात कधी? घरची संध्याकाळची प्रार्थना कधी बंद पडली, हे तरी आठवतं का?

आणि कमिटीवाल्यांनो, तुम्ही माना डोलावू नका. तुमचं दुखणं जास्त मोठं आहे. नाताळच्या मंडपाची बैठक, कन्व्हेन्शनची बैठक, गायनमंडळाचा सराव, साऊंडवाल्याचा हिशेब. सगळा आठवडा चर्चच्या आवारात जातो, पण गुडघे टेकलेले कोणी पाहिले नाहीत. बेथानीच्या मार्थाचा स्वयंपाक वाईट नव्हता. पण ज्याच्यासाठी चूल पेटवली तो घरात बसून बोलत होता आणि त्याचं ऐकायला तिला उसंत नव्हती. वर बहिणीचीच तक्रार! तुमच्या बैठकांत दुसरं काय चालतं?

मार्काचा पहिला अध्याय काढा. कफर्णहुमात दिवस मावळल्यावर सगळं गाव दारात जमलं होतं, आजारी माणसांची रीघ लागली होती. त्यानंतरच्या पहाटे, अंधार असतानाच, प्रभू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, लोक वाट पाहताहेत म्हणाले. एवढी मागणी तुमच्यापैकी कोणाला आहे? आता पाचवा अध्याय. याईराची मुलगी मरणाच्या दारात, सगळ्यांना घाई, आणि प्रभू वाटेत थांबतो तो बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेल्या बाईसाठी. तिचं सगळं ऐकून घेतो. पहाटे ज्याने पित्यासाठी वेळ ठेवला, त्याच्यापाशी वाटेतल्या बाईसाठीही वेळ होता. तुमच्यापाशी दोघांसाठीही नाही, आणि त्याचं कारण एकच आहे: पित्यासाठी तुम्ही तो ठेवतच नाही.

पंडिता रमाबाईंना तुम्ही निबंधापुरतं ओळखता. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली-बायका गोळा करून घेऊन आली. केडगावला शेकडो जणींचा संसार डोक्यावर होता, आणि त्यातच हिब्रू, ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम टाकलं नाही. ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. तिच्यापुढे जाऊन सांगा, आम्ही बिझी असतो म्हणून.

आपल्या वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मेली. तेव्हा मिशनवाल्यांनी अनाथ लेकरं उचलून आणली, वाढवली. तुमच्यातल्या काही घरांची मुळं तिथवर जातात. कोणीतरी कोणाच्या पोरासाठी थांबलं म्हणून तुम्ही आज इथे बसला आहात.

गाडगेबाबा आपल्या मंडळीतले नव्हते, पण याच मातीतले. दिवसा हातात झाडू, रात्री कीर्तन. माणसांची सेवा आणि देवाचं नाव त्यांनी वेगवेगळ्या दिवसांवर टाकलं नाही. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ गेले तेही प्रवासातच. त्यांच्या समाधीवरून रोज गाडी नेता ना?

आता ऐका. इथल्या डफरिन दवाखान्यात मेळघाटातून बाळंतपणाला आलेल्या कोरकू बाया असतात. सोबतचा नवरा पायरीवर बसलेला असतो. कुठली खिडकी, कुठला कागद, त्याला काही उमगत नाही. त्याच्याबरोबर रांगेत उभं राहायचं. अकोलेवाल्यांनी तिथल्या सर्वोपचार रुग्णालयात जायचं. पत्रकं वाटायची नाहीत, फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. मंडळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी पाळकसाहेबांकडे आहे. ती आजच उतरवून घ्या, कोण कोणाकडे जाणार ते इथेच ठरवा. आणि जाण्याआधी पहाटे उठून त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. नुसते पाय नेऊ नका.

पुढच्या रविवारी मी हजेरी घेणार आहे. कारणं आणू नका. कोणाकडे गेला होतात, त्याचं नाव सांगायचं, आणि तो काय म्हणाला ते.