शिंपल्याच्या साक्षीचं ऋण

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हार्डांगर फ्योर्डचा एक अरुंद फाटा डोंगर चिरत दक्षिणेकडे जातो. हा सोरफ्योर्ड. काठावर सफरचंदांच्या बागा, टोकाला ओड्डा हे कारखान्यांचं गाव. तिथे १९२९पासून जस्त तयार होतं. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम, शिसं, पाराही येतो आणि उरलेला गाळ कित्येक वर्षं फ्योर्डमध्येच गेला. १९७०च्या दशकात जगातल्या सर्वाधिक धातुदूषित फ्योर्डांमध्ये सोरफ्योर्डचं नाव घेतलं जाऊ लागलं.

हे विष मोजायला निळे शिंपले कामी आले. बाटलीभर पाणी तपासलं तर त्या घटकेपुरतंच कळतं. खडकाला तंतूंनी चिकटलेला शिंपला मात्र अहोरात्र पाणी गाळत असतो आणि त्यातले धातू अंगात साठवतो. प्रयोगशाळेत फटीत सुरी घालून कवच मिटून धरणारा स्नायू कापतात, पाणी निथळू देतात, मांस खरवडतात. अनेकांचं मांस एकत्र वाटून आम्लात विरघळवतात, मग धातू मोजतात.

माणसाने सोडलेलं विष ज्याने अंगावर घेतलं, त्यालाच पुराव्यासाठी मारायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

१९७५ साली सागर-रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी शिंपल्यांकरवी जगभरच्या किनाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचं ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हे पुस्तक आलं. वेदना जाणणाऱ्या जिवांची सीमा त्यांनी कोळंबी आणि कालव यांच्या मध्ये कुठेतरी आखली. १९९०च्या आवृत्तीत मात्र संशयाचा फायदा कालवांना दिला. जैन विचाराला हा संशयच नाही. शंख-शिंपले द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि चव जाणणारे जीव. त्यांना मारणं ही हिंसाच.

शिंपल्याला मेंदू नाही, मज्जापेशींच्या काही गाठी तेवढ्या आहेत. समजा, त्याला काहीच दुखत नाही. तरी हिशेब मिटत नाही, कारण साक्ष घेणाऱ्यावर तिच्याप्रमाणे वागण्याचं बंधन येतंच. ओड्ड्यात १९८६पासून जस्त कारखान्याचा गाळ डोंगरात खोदलेल्या दालनांत जाऊ लागला आणि फ्योर्डमध्ये पडणारे धातू खूप घटले. तिथे साक्ष वाया गेली नाही. जिथे आकडे चढत राहतात आणि दरवर्षी फक्त नवे नमुने घेतले जातात, तिथे मोजणारेही हिंसेत भागीदार होतात. म्हणून शिंपल्यांना हात लावण्याआधीच कारखानदार आणि परवाना देणारं सरकार यांनी लिहून ठेवावं: कॅडमियम कितीवर गेलं की कोणतं सांडपाणी थांबवायचं, किती दिवसांत आणि कोणी.