अंगठीचं माप

साखरपुड्याची अंगठी करायला मुलं आमच्या पेढीवर येतात, बरेचदा तिच्या डब्यातली जुनी अंगठी गुपचूप उचलून. ती अनामिकेची की मधल्या बोटाची, हेही त्यांना ठाऊक नसतं. निमुळत्या सळईवर चढवून मी नंबर सांगतो. आपल्याकडे 12 नंबर म्हणजे आतला घेर साधारण 52 मिलिमीटर. पण बोट कुठे एकसारखं राहतं? उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं. पेराचा सांधा जाड असेल तर अंगठी त्यावरून जायला हवी, ते वेगळंच.

न विचारता दुसरं माणूस कळतं का, हा प्रश्न मला तिथेच पडतो. कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी तीर्थाच्या पाण्यात गळून पडली आणि भर दरबारात दुष्यंताने तिला ओळखलं नाही. दुर्वासांचा शाप होता, मान्य. तरीही समोर उभ्या बाईपेक्षा खूण मोठी मानणं मला अधर्मच वाटतं. वचन त्याने तिला दिलं होतं. अंगठी नुसती साक्षीला होती.

मी मुलांना म्हणतो, तिलाच घेऊन या. मापाच्या कड्या तिच्या हाती देतो. मूठ मिटून, उघडून बघ बाळ, सैल की घट्ट ते तूच सांग.